बार्शीटाकळीचा संघ कुठे उतरला

बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा हात इतके गारठले होते की हमालाने बॅग उचलली आणि मला ती हातातून सुटल्याचं कळलंही नाही. पुण्यात थंडी पडते असं मी आजवर समजत होते. चहाच्या गाड्यापाशी उभी राहिले, तर चहावाला माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "कुठी जाऊन राहिल्या बाई? अमरावतीची गाडी तिकडं उभी हाये. इकडं कावून उभ्या?"

मला क्षणभर वाटलं, हा रागावला. पुढे कळलं, इथे असंच विचारतात. कप हातात देताना त्याने तितक्याच दरडावणीच्या सुरात "गरम हाये, सांभाळून" म्हटलं, आणि गाडी सुटेल म्हणून मी अर्धा कप टाकला, तर पैसे पुरे घेईना. पुण्यात याच्या नेमकं उलट अनुभवायची सवय असल्यामुळे मी त्या छोट्या गाडीत बसून अमरावतीपर्यंत हसत होते.

मी गेले होते कुमुदच्या बोलावण्यावरून. कुमुद आणि मी पुण्याच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. ती आता अमरावतीला मुलींच्या शाळेत व्यायामशिक्षिका आहे; मी संख्याशास्त्र शिकवते. दिवाळीत ती पुण्याला आली होती तेव्हा माझ्या टेबलावर पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या पसरलेल्या पाहून म्हणाली, "हे काय पत्ते खेळून राहिली तू?"

मी आमच्या महाविद्यालयाचं वेळापत्रक लावत होते. युद्धकाळात विलायतेत सैन्याची रसद आणि जहाजं यांचा हिशेब मांडता मांडता गणिताची एक नवी शाखा उभी राहिली. तिला मराठीत अजून धड नाव नाही. तिच्यातला मला सर्वांत आवडणारा प्रश्न असा : अनेक गोष्टी अनेक जागी बसवायच्या, प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, आणि एकही अट मोडायची नाही. मोठ्या शहरांत हे काम यंत्राला सांगतात म्हणे. माझ्याकडे पुठ्ठे आणि कात्री.

"अगं, मग माझ्या पोट्ट्या बसवून दे!" कुमुद ओरडली.

डिसेंबरात अमरावतीला मुलींच्या खो-खोचे सामने होते. वऱ्हाडातून बारा संघ येणार होते. वसतिगृह नाही, धर्मशाळा नको. गावातल्या बारा कुटुंबांनी एकेक संघ घरी उतरवून घ्यायचं कबूल केलं होतं. मात्र प्रत्येकाने अटी घातल्या होत्या आणि समितीचे तीन प्रयत्न फसले होते.

अमरावती

कुमुदचं घर कॅम्पात, पेरूच्या झाडाखाली. नवरा नागपूरला नोकरीत, शनिवारी येणारा. घरात ती आणि तिचे सासरे अण्णासाहेब, शहरातले नावाजलेले वकील आणि सामन्यांच्या समितीचे अध्यक्ष. विधुर, उंच, आणि वाद घालायला माणूस मिळाला की तोंडावर तेज येणारे. मी हातपाय धुऊन बसते न बसते तोच त्यांनी विचारलं, "तुमचं हे शास्त्र कोर्टात टिकेल?"

"टिकेल," मी म्हटलं. भूक लागली होती म्हणून तेवढंच.

कुमुदने पाटोडीची भाजी केली होती. बेसनाच्या वड्या लाल तर्रीत पोहत होत्या. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून, आणि तिसऱ्यानंतर मी थांबू शकले नाही. अण्णासाहेब मात्र आत सोवळ्यात, एकटे जेवले. तो त्यांचा रोजचा नेम.

जेवणानंतर त्यांनी अटी सांगितल्या आणि मी लिहून घेतल्या. धारणीच्या कोरकू मुली आपला स्वयंपाक आपणच करणार, म्हणून त्यांना अंगणात चूल मांडू देणारं घर हवं. ज्यांचा सामना सकाळचा, त्यांचं घर मैदानाजवळ हवं. परतवाडा आणि अकोट यांची गेल्या वर्षी भांडणं झाली होती, त्यांना शेजारी ठेवायचं नाही. एका घरी कॉलेजात जाणारे तीन मुलगे, तिथे मोठ्या मुलींचा संघ नको. असं बरंच. मग अण्णासाहेब थांबले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि बार्शीटाकळीचा संघ... त्यांना वरुडच्या गुलाबरावांचं इथलं घर आहे, तेच. बाकी घरांची तशी अट आहे."

"कुठली अट? कागदावर तर काही नाही."

"ती अट लिहायची नसते. समजून घ्यायची असते."

कुमुद ताटं उचलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "त्या पोरींच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, सुलभा. ती अट."

मी तीही अट धरून चालले. मी पाहुणी होते, आणि खरं सांगायचं तर डोकं चिठ्ठ्यांकडे धावत होतं. बारा संघ बारा घरांत वाटेल तसे मांडायचे म्हटले तर मांडण्या कोटींच्या घरात जातात. त्या सगळ्या तपासायला आयुष्य पुरणार नाही. युक्ती अशी की ज्याला पर्याय सर्वांत थोडे, त्याला आधी बसवायचं. एकाला बसवलं की त्यामुळे बाकीच्यांचे कुठले पर्याय गेले ते लगेच खोडायचं. कुणाचा शेवटचा पर्याय खोडला गेला, की पुढे जायचं नाही. शेवटची निवड मोडायची, एक पाऊल मागे यायचं आणि दुसरी करून बघायची. कंटाळवाणं वाटतं ना? मला तर यात शिकारीला निघाल्यासारखं होतं!

सकाळी दिवाणखान्याची सतरंजी गुंडाळून फरशीवर चिठ्ठ्या मांडल्या आणि चहा निवायच्या आत गाठ सापडली. धारणीला एकच घर चालत होतं : गुलाबरावांचं, कारण अंगणात चूल मांडू देणारं घर तेवढंच होतं. बार्शीटाकळीलाही एकच घर : गुलाबरावांचं. आणि त्या घराचा अर्धा भाग संत्र्यांच्या पेट्यांनी भरलेला, म्हणून संघ एकच मावणार.

"तुमच्या समितीने आणखी तीनशे प्रयत्न केले असते तरी जमलं नसतं," मी अण्णासाहेबांना आनंदाने सांगितलं. "हे अशक्य आहे, आणि अशक्य का आहे ते बोट ठेवून दाखवता येतं."

"मग बार्शीटाकळीला शाळेच्या व्हरांड्यात उतरवू."

"या थंडीत, मामंजी?" कुमुद म्हणाली.

"नाहीतर त्या पेट्या हलवा," मी म्हटलं.

वरूड

एस.टी.ने मोर्शी मागे टाकली आणि मी खिडकीला चिकटले. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आणि रस्त्याच्या दोन्ही हातांना संत्र्यांच्या बागा. झाडं बुटकी, फांद्या ओझ्याने वाकलेल्या, बांबूच्या टेकूंवर उभ्या. बस थांबली की दारातून वास आत येई. शहरात आपण संत्रं खातो, पण ते तोडल्याक्षणी कसं घमघमतं ते आपल्याला ठाऊकच नसतं!

गुलाबराव बागेतच भेटले. धोतर, वर कोट, डोक्याला मफलर. कुमुदने काम सांगितलं. ते पेट्यांत गवत भरणाऱ्या बायांवर ओरडत होते, ते ओरडणं न थांबवता म्हणाले, "संत्रं थांबत नाई बाई. वॅगन भेटली की माल गेला. नाई भेटली तर सडला. पोट्ट्यांसाठी मी माल कुठी ठेवू, डोक्शावर?"

कुमुद त्यांच्याशी भांडली. मी मात्र पेट्या बघत होते. त्या एकावर एक चारच रचल्या होत्या, आणि हेच काम तर मला येतं. मी विचारलं, "अमरावतीच्या घरातही अशाच रचल्यात? आणि मधे माणूस आडवा झोपेल एवढी वाट सोडलीय?"

"हवा लागते ना माय त्याले!"

मग मी त्यांना विचारत विचारत मातीत काडीने त्यांच्या घराचा नकाशा काढला. पेट्या भिंतीलगत न रचता खिडकीसमोर आडव्या लावल्या तर हवाही राहते आणि मागची मोठी खोली मोकळी होते. गुलाबराव उकिडवे बसले. त्यांनी दोन ठिकाणी माझी काडी हिसकून घेऊन बदल केले, मी एक बदल परत फिरवला, आणि शेवटी ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "जमते बाप्पा! भल्लंच जमते!"

परतीची बस वाटेत बंद पडली. गुलाबरावांचाच ट्रक मागून आला, आणि आम्ही दोघी शिक्षिका ड्रायव्हरशेजारी, पायांशी संत्र्यांची टोपली, अशा अमरावतीत शिरलो. आता धारणी एका भागात, बार्शीटाकळी दुसऱ्यात. बाकीच्या चिठ्ठ्या मी त्याच संध्याकाळी बसवल्या. दोनदा मागे यावं लागलं, तिसऱ्यांदा सगळं चपखल बसलं. एकही अट मोडली नव्हती. मी कुमुदला मिठी मारली. अण्णासाहेबांनी स्वतः संत्रं सोलून मला दिलं.

बार्शीटाकळी

कुमुदला अकोल्याच्या संघांना भेटून वेळा सांगायच्या होत्या, म्हणून मीही निघाले. अकोल्याहून बस. दोन्हीकडे काळी जमीन, वेचणी झालेल्या पऱ्हाटीच्या काड्या, आणि उरलेला कापूस बोंडांना अडकून पांढरा लुकलुकणारा. बार्शीटाकळीत शाळेच्या मागच्या मैदानावर मुली खेळत होत्या. पायांत काही नाही. एक काळीसावळी, लांब हातांची मुलगी खांबाला एका हाताने धरून अशी वळली की पाठलाग करणारी सरळ पुढे निघून गेली. मी टाळ्या वाजवल्या.

"ते कमल," शिक्षिका म्हणाल्या. "कप्तान हाये."

शिक्षिका म्हणजे सुमनबाई तायडे. तिशीच्या आतल्या, पांढरं लुगडं, शांत आवाज. त्यांनी आम्हांला घरी नेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. ज्वारीची भाकर, ठेचा आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. माझं जेवण झाल्यावर मी मोठ्या हौसेने त्यांना नकाशा दाखवला : हे गुलाबरावांचं घर, हा मागचा भाग तुमचा, पेट्या इकडे हलवल्या.

सुमनबाईंनी नकाशा नीट पाहिला. "घरचे लोक कुठी राहतात?"

"ते वरुडला असतात. घर रिकामंच आहे."

"बाकीचे संघ?"

"ते घराघरांत," कुमुद म्हणाली.

"तुमी समद्या घरांले इचारलं, तुमची अट काय म्हणून," सुमनबाई म्हणाल्या. "आमाले कोणी इचारलं नाई."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी पेन्सिल काढली आणि म्हटलं, "आत्ता विचारते. सांगा."

"एकच हाये. जिथी राहू तिथी घरच्या लोकांसंगं पंगतीत जेवू. वेगळं ताट नाई, वेगळी जागा नाई. हे जमत नसंल तर आमी येत नाई. पोरींनी वर्षभर मेहनत केली, पण येत नाई."

"बारा जणींना एकत्र घेणारं घर..." कुमुदने सुरुवात केली.

"एकत्र पायजेच असं कोण म्हनलं? दोघी-दोघी राहू," दारातून कमल म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "खेळताना एकत्र असलं म्हणजे झालं."

सुमनबाईंनी मान हलवली. म्हणजे एक अट वाढली होती आणि एक, जी कुणी घातलीच नव्हती, ती गळून पडली होती. परतताना बसमध्ये कुमुद रडवेली झाली होती. माझ्या अंगावर मात्र काटा आला होता. वरुडहून परतल्यावर ज्या मांडणीवर मी इतकी खूश होते, ती मांडणी उत्तर नव्हतीच. अर्ध्या माणसांना न विचारता मांडलेला प्रश्न होता तो. खरा प्रश्न आत्ता सुरू होत होता.

पुन्हा अमरावती

अण्णासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शक्य नाही."

"मग दुसरी कुठलीही अट काढून जमतं का ते तुम्हीच बघा," मी म्हटलं आणि चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

मला वाटलं, चिडतील. पण त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि खाली बसले. दुपारभर बसले! चुलीची अट काढून पाहिली. भांडणाची काढून पाहिली. कॉलेजच्या मुलग्यांना मावशीकडे पाठवून पाहिलं. प्रत्येक वेळी सगळे संघ बसत आणि सहा चिठ्ठ्या, दोन-दोन जणींच्या, फरशीवर तशाच उरत. पळवाट शोधण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्याला एकही सापडेना आणि तरी त्याला मजा येत होती हे दिसत होतं. मग त्यांचा हात एका घराच्या चिठ्ठीवर थांबला. ते त्यांचंच घर होतं.

"इथे ही अट कोणी घातली?"

"तुम्ही, मामंजी," कुमुद म्हणाली.

त्यांनी ती चिठ्ठी उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली. पेरूच्या झाडावर पोपट कलकलाट करत होते. शेवटी ते उठले, गुडघ्यावरची धूळ झटकली. "लेखी आहे का?"

"नाही."

"मग ती अस्तित्वात नाही." त्यांनी कोट चढवला. "उरलेल्या घरांनाही विचारून येतो. ज्यांना ही अट हवी, त्यांनी कागदावर लिहून खाली सही करून द्यावी."

असं लिहून देणं आता कायद्यात बसत नाही, हे शहरातल्या सर्वांत जाड कायद्याच्या पुस्तकाचा मालक दारात उभा राहून सांगतो म्हटल्यावर सही कोण करणार? ते दिवेलागणीला परतले तेव्हा तोंडावर ते वादाचं तेज होतं, आणि थोडी शरमही. कुणीही लिहून दिलं नव्हतं. दोघांनी मात्र घरात आजारपण असल्याचं सांगून आपली घरंच काढून घेतली होती.

ते बाहेर पडताच कुमुदने सुमनबाईंना 'अट मान्य, या' अशी तार केली होती, आणि संघ दुसऱ्या सकाळी येणार होते!

ती सकाळ मी विसरणार नाही. टांगे दारात येऊन उभे, वळकट्या उतरतायत, कुमुद शिट्टी वाजवून मुलींना अंगणात बसवतेय, आणि मी फरशीवर गुडघे टेकून. दोन घरं गेली, म्हणजे दोन संघ उघड्यावर. एक गुलाबरावांच्या मागच्या खोलीत जाऊ शकतो, पण ते घर लांब, म्हणजे सकाळचा सामना असलेला संघ तिथे नको. दुसऱ्यासाठी एक घर मोकळं होतं, पण त्याच्या शेजारी अकोट. परतवाडा तिथे ठेवला, भांडणाची अट मोडली, मागे. अकोट हलवला, तर दोघी मुलींना जागा उरेना, मागे. मूर्तिजापूर गुलाबरावांकडे टाकला, तर त्यांचा सामना सकाळी पहिला. पुन्हा मागे. माझ्या कपाळावर त्या थंडीत घाम!

"हा सामना सकाळीच हवा, ही अट कोणाची?" मागून अण्णासाहेबांचा आवाज आला.

मी वर पाहिलं. कुमुदने शिट्टी तोंडातून काढली. "कोणाचीच नाई! मीच आपली लिहिली होती!"

तो सामना दुपारी गेला. मूर्तिजापूर गुलाबरावांकडे, अकोट पूर्वीच्याच जागी, परतवाडा दूर, आणि सहा चिठ्ठ्या सहा घरांत टप टप टप बसल्या. मी इतक्या जोरात ओरडले की अंगणातल्या मुलींना वाटलं सामना सुरू झाला.

सुमनबाई आणि कमल कुमुदकडे उतरल्या. त्या संध्याकाळी घरी उतरलेल्या संघाची पंगत उठल्यावर स्वयंपाकघरात पानं मांडली : आम्हां चौघींची, आणि पलीकडे एक पाट. अण्णासाहेब दारात आले, आत जाण्याच्या वाटेकडे एकदा पाहिलं, आणि येऊन कमलच्या शेजारच्या त्या पाटावर बसले. ते खाली मान घालून जेवत होते.

"आजोबा," कमल म्हणाली, "भाजी जमली नाई का? तुमी काईच बोलून नाई राहिले."

अण्णासाहेबांनी घास गिळला. "तिखट कमी आहे."

"हाव! मीबी तेच म्हनून राहिली होती!" कमल म्हणाली, आणि ठेच्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी घेतला. कुमुदला हसू आवरेना, मला तर ठसकाच लागला. सुमनबाई हसल्या नाहीत. त्यांनी अण्णासाहेबांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पानाकडे वळल्या.

सगळीकडे असं झालं नाही. एका घरून दोघी मुली वळकट्या घेऊन परत आल्या. तिथे ताटं वेगळी होती. कुमुदने त्यांना आत घेतलं, आणि अण्णासाहेब टोपी न घालता, तसेच त्या घरी गेले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. पण पुढच्या वर्षी त्या घराचं नाव विचारू नका, एवढं कुमुदला बजावलं.

सामन्यांचं वर्णन करायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल. बार्शीटाकळीच्या मुली पळत नव्हत्या, दिशा बदलत होत्या. कमल खांबावरून झेप घेई तेव्हा मैदानाभोवतीची सगळी माणसं श्वास रोखत. अंतिम सामन्यात त्या एका गुणाने हरल्या. मुली रडल्या, सुमनबाई पंचांशी भांडल्या, आणि अण्णासाहेब त्यांच्या बाजूने इतके भांडले की समितीच्या अध्यक्षाला मैदानाबाहेर काढायची वेळ आली होती.

अकोला स्टेशन

बडनेऱ्याहून माझी गाडी अकोल्यावरूनच जाणार, म्हणून संघ आणि मी एकाच डब्यात बसलो. मुलींनी मला त्यांची गाणी शिकवली, माझ्या पुणेरी उच्चारांवर पोट धरून हसल्या, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत मीही "करून राहिली, जाऊन राहिली" बोलू लागले होते.

अकोल्याचा फलाट दिसला आणि आम्ही चकित झालो. बार्शीटाकळीची माणसं आली होती, लेझीम घेऊन! हरून आलेल्या संघासाठी! मुली उड्या मारून उतरल्या. "तुमीबी उतरा, गाडी थांबते भल्ली!" म्हणत कमलने मला खाली ओढलं. कुणीतरी हातात पेढा ठेवला, कुणीतरी कपाळाला गुलाल लावला, सुमनबाईंची आई माझा चेहरा दोन्ही हातांत धरून काहीतरी म्हणाली ते लेझमीच्या आवाजात ऐकूच आलं नाही. त्या वेळी सुमनबाईंना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी पेढा तोंडात ठेवून तशीच उभी होते. इतकी माणसं, इतका आवाज, आणि मला तिथून हलावंसं वाटेना.

शिट्टी झाली. गाडी हलली. माझी बॅग आत, मी बाहेर!

मी गोंधळून मागे वळले, तर पाठीवर जोराची थाप बसली आणि कानाशी कमलचा आवाज कडाडला :

"खो!"

आणि मी, जन्मात कधी मैदानावर न उतरलेली बाई, पदर खोचून जी धावले, ती दांडी धरून पायरीवर चढेपर्यंत थांबले नाही.